सिक्युरिटी नेमकी कोणाची?

डिचोली तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. पत्र मोठं आहे, त्यातला कामाचा भाग इथे देते.

"आमचा मुलगा म्हापशात पाण्याच्या फिल्टरची एजन्सी घेतो आहे. कंपनी ३ लाख रुपये सिक्युरिटी डिपॉझिट मागते. दुकानाचे मालक ६ महिन्यांचं भाडं सिक्युरिटी म्हणून मागतात, वर सही केलेले दोन कोरे चेक. बँक १५ लाखांचं कर्ज द्यायला तयार आहे, पण राहतं घर सिक्युरिटी म्हणून लिहून द्या आणि धाकट्या दिरांना जामीन राहायला सांगा, असं तिथले साहेब म्हणतात. घर अजून सासऱ्यांच्या नावावर आहे. ते गेले, मृत्युपत्र केलेलं नाही. सासूबाई आहेत, यजमान, दीर आणि फोंड्याला दिलेली नणंद. भाटाचा, म्हणजे बागायतीचा, एक तुकडा विकून आलेले ११ लाख सासूबाईंच्या खात्यात आहेत. यजमानांच्या ओळखीचे एकजण गुंतवणुकीचं काम करतात. ते म्हणतात, एवढे पैसे बँकेत कशाला, कंपनीच्या सिक्युअर्ड रोख्यांत घाला, ११ टक्के मिळतील. शेजारी म्हणतात पतसंस्थेत ठेवा, तिथे पूर्ण सिक्युरिटी आहे. यजमानांचा पूर्वी खनिजाचा ट्रक होता. तेव्हापासून कर्जाचं नाव काढलं की माझ्या पोटात गोळा येतो. पण आता सगळीकडे सिक्युरिटी आहे, म्हणजे भिण्यासारखं काही नाही ना? चवथीच्या आधी सगळं पक्कं करायचं आहे."

ताई, भिण्यासारखं आहे. मुलाने धंदा करू नये असं मी अजिबात म्हणणार नाही, उलट करावाच. पण ज्या रीतीने हे सगळं तुमच्यापुढे मांडलं गेलंय, त्या रीतीने नको. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि प्रत्येक सिक्युरिटीपुढे एकच प्रश्न लिहिला: ही कोणाची? कंपनीचं डिपॉझिट कंपनीची सिक्युरिटी. भाड्याचं डिपॉझिट आणि चेक दुकानमालकाची. घर आणि दिरांची सही बँकेची. रोखे आणि पतसंस्था, या दोनच जागी सिक्युरिटी तुमच्या बाजूने असल्याचं सांगितलं जातंय, आणि नेमकी तिथेच ती सगळ्यात कच्ची आहे. बाकी सगळीकडे समोरच्याचा धोका कमी करण्यासाठी तुम्ही आपला धोका वाढवून घेताय. व्यवहारात हे करावं लागतं, त्यात कोणी फसवतंय असं नाही. पण सिक्युरिटी देणारा सुरक्षित होत नसतो, घेणारा होतो, एवढं मनात पक्कं करूनच पुढचं वाचा.

आधी घराचं बोलू, कारण बाकी सगळं बुडालं तरी माणूस उभा राहू शकतो, घर गेलं की अवघड होतं.

घर सासऱ्यांच्या नावावर आणि मृत्युपत्र नाही. गोव्यात लग्नाआधी वेगळा करार नोंदवला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरली जाते, १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेली ही पद्धत आहे. म्हणजे सासऱ्यांच्या हयातीतही अर्धं घर सासूबाईंचंच होतं. उरलेल्या अर्ध्याचे तीन मुलांत सारखे वाटे, नणंदेचाही तेवढाच. हिशेब केलात तर तुमच्या यजमानांच्या वाट्याला येतो सहावा हिस्सा, आणि त्या सहाव्यात निम्म्या तुम्ही. जो कर्ज घेणार आहे त्या मुलाचा या घरात आज कायद्याने काहीच हिस्सा नाही.

म्हणून बँक फक्त यजमानांच्या सहीवर भागवणार नाही. आधी वारसांचं काम करून घ्या म्हणेल, एक तर कोर्टात इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांतल्या वाटणीचं काम, किंवा स्पेशल नोटरीपुढे सक्सेशन डीड, म्हणजे वारस कोण ते नोंदवणारा दस्त. मग जमिनीच्या नोंदीचा एक-चौदाचा उतारा, निल एन्कम्ब्रन्स म्हणजे मालमत्तेवर बोजा नसल्याचा दाखला, आणि सासूबाई, तुम्ही दोघं, दीर-जाऊ, नणंद आणि तिचे यजमान अशा सगळ्यांच्या सह्या. गोव्यात जोडीदाराच्या संमतीशिवाय स्थावर मालमत्ता विकता येत नाही की गहाण टाकता येत नाही. पुष्कळांना ही कटकट वाटते. मला तो या कायद्याचा मोठा उपकार वाटतो. एका माणसाच्या उत्साहात सगळ्यांचं छप्पर जाऊ नये, याची सोय त्यात आहे. त्या सोयीचा उपयोग करा. नणंदेला फोंड्याहून थेट सहीच्या दिवशी बोलावू नका. आधी सगळ्यांना एकत्र बसवा, बँकेचं कर्जमंजुरीचं पत्र समोर ठेवा आणि पुढे काय काय होऊ शकतं ते बोला.

आता काय होऊ शकतं ते सांगते. हप्ता ९० दिवसांपेक्षा जास्त थकला की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत, होतं. मग २००२ च्या सरफेसी कायद्याखाली बँक नोटीस काढते, सगळी रक्कम ६० दिवसांत भरा. नाही भरली तर बँक कोर्टात दावा न लावता घराचा ताबा घेण्याची कारवाई करू शकते, आधी दारावर नोटीस चिकटवून कागदोपत्री, मग जिल्हाधिकाऱ्यांच्या मदतीने प्रत्यक्ष. याविरुद्ध कर्जवसुली न्यायाधिकरणात जायला ४५ दिवस असतात. सहकारी बँकांनाही हा कायदा लागू आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. लिलावात कर्जापेक्षा जास्त आले तर वरचे पैसे तुम्हाला परत, कमी आले तर उरलेलं देणं तुमच्याच अंगावर. घर दिलं म्हणजे कर्ज फिटलं, असं नसतं.

आणखी एक गोष्ट कर्जाच्या कागदांत असते आणि सही करताना कोणी सांगत नाही. घर गहाण ठेवणाऱ्या प्रत्येकाला बँक बहुतेक वेळा जामीनदारही करून टाकते. म्हणजे सासूबाईंनी घरासाठी सही केली असं त्यांना वाटणार, आणि प्रत्यक्षात त्यांच्या ११ लाखांपर्यंतही बँकेचा हात पोचणार. मंजुरी पत्रात त्यांच्या नावापुढे नेमकं काय लिहिलंय ते बघा. द्यायचंच झालं तर त्यांची जबाबदारी फक्त गहाण मालमत्तेपुरती, असं लेखी मागा.

पण मुळात घर द्यायची गरज आहे का? माझं मत, नाही. लहान उद्योगांना किमान १० लाखांपर्यंतच्या कर्जासाठी तारण मागू नये, असा रिझर्व्ह बँकेचा बँकांना आदेश आहे, २०१० पासून. मुद्रा योजना याच धर्तीवर २०१५ मध्ये आली. त्यावरच्या रकमेसाठी सूक्ष्म आणि लघु उद्योगांचा पतहमी निधी आहे, २००० साली केंद्र सरकार आणि सिडबी या लहान उद्योगांसाठीच्या वित्तसंस्थेने उभारलेला. शाखेत त्याला सीजीटीएमएसई म्हणतात. थोडी वार्षिक फी भरून या निधीची हमी घेतली की बँकेला घरही नको आणि तिऱ्हाईताचा जामीनही नको. मुलाची उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंदणी, करून घ्या, म्हणजे दारात पाऊल ठेवताना कागद हातात असेल. कर्जातून घेतलेला माल आणि फर्निचर बँकेकडे तारण राहतंच. त्याला हायपोथिकेशन म्हणतात, माल दुकानातच राहतो, दर महिन्याला स्टॉकचा तक्ता द्यायचा. बँकेच्या भाषेत ही प्रायमरी सिक्युरिटी. घर हे कोलॅटरल, म्हणजे त्यावरचं जादाचं.

या पतहमीबद्दल गैरसमज मात्र नको. मुलगा फेडू शकला नाही तर निधी बँकेला पैसे देतो, मुलाला माफी देत नाही. बँक त्याच्याकडून वसुली करतच राहते. तरी फरक केवढा आहे बघा. तेव्हा अडचणीत येईल तो एकटा धंदेवाला मुलगा, ऐंशीच्या घरातली आजी नाही.

साहेब म्हणतील, योजना आहे हो, पण आमच्या शाखेत तारण असलं की लवकर होतं. लवकर त्यांचं होतं. शांतपणे अर्ज लेखी द्या, पतहमीखाली विचार व्हावा असं त्यात लिहा, पोच घ्या. नकार आला तर तोही लेखी मागा आणि दुसऱ्या बँकेत जा. १५ लाखांऐवजी १० लाखांत सुरुवात होते का, हेही मुलासोबत बसून बघा. सुरुवातीला कमी माल भरल्याने एजन्सी बुडत नाही, हप्ता झेपला नाही की बुडते.

तुमच्या ट्रकची आठवण तुम्ही पत्रात एका ओळीत लिहून पुढे गेलात. मी तिथेच थांबले. २०१२ च्या सप्टेंबरात खाणी थांबल्या तेव्हा डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या भागात घरोघरी ट्रकचं कर्ज होतं आणि प्रत्येक कर्जाला ट्रकच तारण होता. कागदावर सगळं व्यवस्थित. पण ज्या कारणाने हप्ता थांबला त्याच कारणाने ट्रकची किंमतही गेली. सगळ्यांचेच ट्रक एकदम विकायला निघाले, घेणार कोण? मग २०१८ मध्ये पुन्हा तेच. यात कोणा ट्रकवाल्याचा आळस नव्हता. उत्पन्न आणि तारण दोन्ही एकाच खुंटीला बांधलेली होती, ती खुंटी निघाली. तुमच्या पोटात येणारा गोळा अनुभवातून आलेला आहे, त्याला भित्रेपणा म्हणू नका. आणि त्याच नजरेने आजचा बेत बघा. मुलाचं उत्पन्न त्या एका कंपनीवर, डिपॉझिट त्याच कंपनीकडे, दुकानातला माल त्याच कंपनीचा, आणि कंपनीची एजन्सी नीट चालली तरच घर सुटणार. कंपनीने उद्या म्हापशात दुसरा एजंट नेमला किंवा ऑनलाइन स्वस्तात विकायला सुरुवात केली, तर हे सगळं एकाच दिवशी डगमगेल.

दिरांच्या जामिनाबद्दल थोडक्यात, कारण पतहमी मिळाली तर तो विषयच राहत नाही. जामीन म्हणजे ओळख पटवणारी सही, असं आपल्याकडे अजून समजतात. १८७२ च्या करार कायद्यात जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच धरली आहे. बँकेला आधी तुमच्या मुलाकडून वसुली करून बघायचं बंधन नाही, ती थेट दिरांच्या दारात जाऊ शकते. मुलाचे हप्ते थकले तर दिरांच्या सिबिलवर डाग, आणि उद्या त्यांच्या मुलीच्या शिक्षणासाठी कर्ज काढायचं झालं तर अडचण. त्यांनी पैसे भरलेच तर ते तुमच्या मुलाकडून वसूल करायचा हक्क त्यांना आहे, पण सख्ख्या पुतण्यावर तो हक्क चालवणार कोण? भावोजी तुमच्या शब्दाखातर हो म्हणतील. म्हणूनच त्यांना विचारण्याआधी तुम्ही विचार करा.

आता कंपनीचे ३ लाख. हे पैसे दिले की तुमचा मुलगा कंपनीचा धनको होतो, आणि तोही विनातारण. कंपनी दिवाळखोरीत गेली तर आधी बँकांसारखे तारण असलेले धनको, कामगारांची देणी, आणि असे एजंट रांगेत बरेच मागे. कंपन्यांनी लोकांकडून ठेवी घेताना जे नियम पाळायचे असतात, तेही मालाच्या व्यवहारापोटी घेतलेल्या अशा डिपॉझिटला लागत नाहीत. डिपॉझिटवर व्याज मिळणार असलं तरी त्याला ठेव समजू नका.

इथे वाटाघाटीला जागा असते, मुलाला ती घ्यायला लावा. ३ लाख द्यायचे तर ३ लाखांपर्यंतचा माल उधारीवर मागायचा, ३० किंवा ४५ दिवसांच्या बोलीवर. मग कंपनीकडे याचे ३ लाख आणि याच्याकडे कंपनीचे जवळपास तेवढेच. शिवाय करारात लिहून घ्यायचं की एजन्सी संपली तर डिपॉझिट शेवटच्या बिलात वळतं करता येईल. कंपनी याला तयार नसेल तर डिपॉझिट निम्म्यावर आणा, किंवा रोख देण्याऐवजी बँक गॅरंटी चालेल का विचारा. त्यात एफडी मुलाच्या नावाने बँकेत राहते, बँक तिच्यावर लीन, म्हणजे आपला हक्क, लावते आणि कंपनीला हमी देते. कंपनी बुडाली तरी ती एफडी कंपनीच्या धनकोंच्या हाती लागत नाही. हमीचा मजकूर तेवढा वाचून घ्या. कंपनीने नुसतं मागितलं तरी बँकेने पैसे द्यायचे, अशीच बहुतेक हमीपत्रं असतात.

करारात डिपॉझिट परत करण्याची मुदत दिवसांत लिहिलेली हवी. "हिशेब पूर्ण झाल्यावर" असं लिहिलं असेल तर तो हिशेब कधीच पूर्ण होत नाही. कशाकशापोटी रक्कम कापता येईल, तेही नावं घेऊन लिहिलेलं हवं.

दुकानाच्या डिपॉझिटचं मला फारसं भय वाटत नाही, ६ महिन्यांचं भाडं काही जगावेगळं नाही. ४ महिन्यांवर येतात का बघा. पण एक चौकशी जरूर करा. ते दुकान मालकाने कुठे गहाण ठेवलंय का? ठेवलं असेल आणि त्यांचे हप्ते थकले, तर बँक दुकानाचा ताबा घेईल आणि ११ महिन्यांच्या करारावर बसलेला तुमचा मुलगा डिपॉझिटसाठी मालकाच्या मागे फिरत राहील. गहाणांची एक केंद्रीय नोंदणी आहे, सेरसाई नावाची. थोडी फी भरून कोणालाही तिथे शोध घेता येतो. वकिलांना सांगितलंत तर ते निल एन्कम्ब्रन्ससोबत हेही बघून देतील.

कोरे चेक मात्र देऊ नका. याबाबतीत मी जरासुद्धा मागे हटणार नाही. कोऱ्या चेकवर सही करून तो स्वखुशीने हातात दिला, की समोरच्याने रक्कम भरली तरी तो चेक कायद्याने खोटा ठरत नाही. तो देण्यापोटीच दिला असं कोर्ट धरून चालतं आणि तसं नव्हतं हे तुम्हाला सिद्ध करावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हेच सांगितलं. मागे "सिक्युरिटीसाठी" असं लिहिलंय म्हणून सुटका होईल, या भरवशावर बरेच जण राहतात. चेक वटवायला टाकला त्या दिवशी खरंच देणं बाकी असेल, तर सिक्युरिटीचा चेकही चेक न वटल्याच्या गुन्ह्याच्या कलम १३८ मध्ये बसतो, आणि त्यात दोन वर्षांपर्यंत कैद, चेकच्या दुपटीपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. मालकाला चेक हवेच असतील तर नाव, तारीख आणि रक्कम भरून, क्रॉस करून द्या. एका कागदावर दोन्ही चेकचे नंबर आणि ते कशासाठी दिले हे लिहा, त्यावर मालकाची सही घ्या, आणि तो कागद कराराला टाचा. प्रामाणिक मालक याला नाही म्हणत नाही.

राहिले सासूबाईंचे ११ लाख. पत्रात त्यांचं स्वतःचं मत कुठेच नाही, ताई. यजमानांचे ओळखीचे काय म्हणतात ते आहे, शेजारी काय म्हणतात ते आहे. ज्यांचे पैसे आहेत त्यांना काय हवंय ते एकदा त्यांना विचारा. माझा अंदाज, त्यांना दर तीन महिन्यांनी हातात येणारे पैसे आणि रात्रीची झोप हवी असेल.

शेअर, रोखे, डिबेंचर, सरकारी कर्जरोखे या सगळ्यांना बाजारात सिक्युरिटी म्हणतात, १९५६ चा कायदाही म्हणतो. तिथे त्याचा अर्थ एवढाच की विकता-घेता येणारा, पैशाचा हक्क सांगणारा कागद. तो सुरक्षित आहे असं आश्वासन त्यात नाही. त्या ओळखीच्या गृहस्थांनी सांगितलेल्या "सिक्युअर्ड" रोख्याचा अर्थ त्यापेक्षा थोडा जास्त आहे. कंपनीने आपली काही मालमत्ता रोखेधारकांसाठी विश्वस्ताकडे तारण ठेवलेली असते. पण ती मालमत्ता म्हणजे बहुतेकदा कंपनीनेच दुसऱ्यांना दिलेली कर्जं, आणि ती किती वसूल होणार ते अडचण आल्यावरच कळतं. डीएचएफएल या गृहकर्ज देणाऱ्या कंपनीने २०१८ मध्ये सामान्य लोकांना सिक्युअर्ड रोखे विकले, तेव्हा तिला ट्रिपल ए मानांकन होतं, म्हणजे सगळ्यात वरचं. वर्षभरातच, जून २०१९ मध्ये, तिचे देण्याचे हप्ते चुकले आणि मानांकन तळाला गेलं. तारण होतं तरी अनेकांना पूर्ण पैसे मिळाले नाहीत, जे मिळाले ते दिवाळखोरीची प्रक्रिया पार पडल्यावर. कमावत्या माणसाने आपल्या पैशातला छोटा भाग असा गुंतवला तर मी अडवणार नाही. सासूबाईंच्या एकुलत्या पुंजीला ते ११ टक्के महाग पडतील.

आणि पतसंस्था. तिथले संचालक ओळखीचे असतील, चांगलेही असतील, मी कोणावर शंका घेत नाही. पण बँकेतल्या ठेवीला ठेव विमा महामंडळाचा विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला नसतो. "पूर्ण सिक्युरिटी" असं सांगणाऱ्यांना एवढंच विचारा, ती कोण देतंय? बँकेत हा विमा एका माणसाला एका बँकेत मुद्दल आणि व्याज धरून ५ लाखांपर्यंत आहे, ४ फेब्रुवारी २०२० पासून. त्याआधी फक्त १ लाख होता. याचं मोल गोव्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. म्हापसा अर्बनचा परवाना रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२० मध्ये रद्द केला, मडगाव अर्बनचा जुलै २०२१ मध्ये. म्हापशाच्या बँकेवर त्याआधी कित्येक वर्षं निर्बंध होते. खात्यात पैसे दिसत होते आणि औषधाला काढता येत नव्हते, असं जगलेली म्हातारी माणसं तुमच्या-माझ्या ओळखीत आहेत. कारण तेव्हा विम्याची रक्कम बँक पुरती बंद झाल्यावरच मिळायची. २०२१ मध्ये कायदा बदलला, आता निर्बंध आल्यापासून ९० दिवसांत विमा मिळायला हवा. हा बदल फार आधी व्हायला हवा होता.

म्हणून माझं सांगणं असं. मोठा भाग, ७ लाख म्हणा, पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत घाला. मर्यादा ३० लाखांची आहे, मुदत ५ वर्षं, व्याज दर तीन महिन्यांनी खात्यात येतं. एप्रिल २०२३ मध्ये दर ८.२ टक्के झाला होता. सरकार दर तिमाहीला तो ठरवतं, तेव्हा पैसे भरायच्या दिवशी पोस्टात विचारून घ्या. एकदा भरले की त्या खात्याचा दर पुढची ५ वर्षं तोच राहतो. बाकीचे ४ लाख चांगल्या बँकेत एफडी, एकच मोठी नको, एक-एक लाखाच्या चार. दुखणंबिखणं आलं तर एक मोडता येते, बाकीच्या शाबूत राहतात. नॉमिनीचं नाव प्रत्येक पावतीवर बघून घ्या. आणि यातलं काहीही मुलाच्या कर्जासाठी लीन लावून देऊ नका. सासूबाईंचं घर आणि सासूबाईंचे पैसे, दोन्ही एका एजन्सीच्या मागे उभे करणं हे मला कुठल्याही हिशेबात बसवता येत नाही.

एवढं सगळं करूनही घर गहाण ठेवायची वेळ आलीच, सगळ्या वारसांनी समजून-उमजून सह्या केल्या, तर बँकेत दिलेल्या प्रत्येक मूळ कागदाची यादी करून त्यावर शाखेचा शिक्का घ्या. कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत द्यायचे, बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यायची, असा रिझर्व्ह बँकेचा नियम डिसेंबर २०२३ पासून आहे. यादी नसेल तर कुठला कागद दिला आणि कुठला नाही, यावरच वाद होतो.

चवथीची घाई मात्र सोडा. वारसांच्या कामालाच वेळ लागेल, आणि पतहमीचा अर्ज केलात तर त्यालाही थोडे दिवस जातील. तोवर मुलाला एक काम लावा. कंपनीला सांगून गेल्या दोन-तीन वर्षांत गोव्यात ज्यांनी ही एजन्सी सोडली, त्यांची नावं मागायची. कंपनी देणार नाही कदाचित, पण म्हापशाच्या बाजारात विचारत फिरलं तर कळतंच. वास्को-मडगावलाही जाऊन यावं लागेल. आज एजन्सी चालवणाऱ्यांपेक्षा सोडून गेलेल्यांना भेटणं महत्त्वाचं. त्यांना दोनच गोष्टी विचारायच्या: डिपॉझिट किती दिवसांनी परत आलं, आणि त्यातून काय काय कापलं. त्यांची उत्तरं आणि कंपनीच्या कराराची प्रत मला पाठवा, सही करण्याआधी.